जुनी राजकीय व्यंगचित्रं घरात लावायची असतील तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घोडबंदर रोडवर नव्या टू बीएचकेचा ताबा मिळालाय. आजोबांच्या ट्रंकेत साठ-सत्तरच्या दशकातले 'मार्मिक'चे अंक आणि 'शंकर्स वीकली'ची कात्रणं सापडली आहेत. त्यातलं काही हॉलमध्ये लावायचंय आणि सोबत ऑनलाइन मिळणारे 'पंच' या लंडनच्या व्यंगचित्र-साप्ताहिकाचे जुने छापही घ्यायचेत. इंटिरियर डिझायनर म्हणतो, सोफ्यामागे चार फुटी कॅनव्हास करून टाकू. सासरेबुवा म्हणतात, राजकारण घरात नको. अमेरिकेतल्या बहिणीलाही एक-दोन हवी आहेत.

डिझायनरचं अजिबात ऐकू नका आणि सासरेबुवांचं थोडं ऐका. ठाण्यात, नौपाड्यात माझं फ्रेमिंगचं काम आहे. जुने कागद, नकाशे आणि छापील चित्रं जास्त करून माझ्याकडेच येतात. त्यामुळे पुढे जे सांगतोय ते इथल्या हवेत आणि इथल्या भिंतींवर वापरून झालेलं आहे.

राजकीय व्यंगचित्र लोक वाचतात. कोटाच्या खिशातून डोकावणाऱ्या कागदावर काहीतरी लिहिलेलं असतं, मागच्या पाटीवर टोमणा असतो, खाली दोन ओळींचा मथळा असतो. दीड-दोन फुटांवर उभं राहिलं तरच हे सगळं पोचतं. सोफ्यामागच्या भिंतीवरचं चित्र समोर बसलेल्या माणसापासून दहा फुटांवर असतं, आणि सोफ्यावर बसलेल्याच्या तर ते पाठीमागे असतं. म्हणजे ते कुणीच वाचत नाही. ती जागा निसर्गचित्राला द्या. व्यंगचित्रं लावायची हॉलमधून बेडरूमकडे जाणाऱ्या पॅसेजमध्ये, डायनिंग टेबलाच्या बाजूच्या भिंतीवर, नाहीतर दाराशी चपलांच्या कपाटावर, जिथे माणूस एक पाय वर करून बुटाची लेस सोडत दोन मिनिटं रेंगाळतो. इंग्रज लोक स्वतःकडची व्यंगचित्रं हौसेने संडासात टांगतात. तिथे निवांत वाचन होतं हे खरं, पण आपल्या ओल्या न्हाणीघरात कागद एक पावसाळासुद्धा टिकायचा नाही.

आकाराचंही तसंच. इंग्रज व्यंगचित्रकार जेम्स गिलरेचं 1805 सालचं 'द प्लम-पुडिंग इन डेंजर' तुम्ही नक्की पाहिलं असेल: टेबलावर पुडिंग म्हणून पृथ्वीचा गोल ठेवलाय, इंग्लंडचा पंतप्रधान पिट त्यातून समुद्र कापून घेतोय आणि समोर बुटका नेपोलियन युरोपचा तुकडा ओढतोय. जगातल्या सगळ्यात जास्त नकला झालेल्या व्यंगचित्रांत याची गणना होते. मूळ छाप केवढा? साधारण 10 बाय 14 इंच. लंडनमध्ये हॅना हम्फ्री या बाईंच्या दुकानाच्या काचेत गिलरेची नवी चित्रं लागत आणि ती बघायला फुटपाथवर गर्दी व्हायची. नाक काचेला टेकवून बघायच्या मापाचं ते चित्र आहे. ते चार फुटी केलं की रेषा दोरखंडासारख्या दिसतात आणि चेहऱ्यातला खट्याळपणा जातो. लक्ष्मण यांच्या पॉकेट कार्टूनची याहून वाईट गत होते. वर्तमानपत्राच्या एका कॉलमात बसायला केलेली ती रचना आहे. ती तळहाताएवढीच ठेवा आणि भोवती भरपूर मोकळा माउंट (चित्र आणि फ्रेम यांच्यामधला कोरा पुठ्ठा) सोडा, चारही बाजूंनी तीन इंच तरी. चित्र लहान आणि फ्रेम मोठी असली की माणूस आपोआप जवळ जातो.

आता काय लावायचं ते. इथे सासरेबुवांचा मुद्दा येतो, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही.

'पंच' 1841 साली लंडनमध्ये निघालं आणि जॉन टेनिएल पुढे त्याचा मुख्य राजकीय चित्रकार झाला. ऑनलाइन 'व्हिंटेज इंडिया प्रिंट' म्हणून सर्रास विकलं जाणारं त्याचं एक चित्र आहे: 22 ऑगस्ट 1857 चं, ब्रिटिश सिंह बंगालच्या वाघावर झेप घेतोय. रेखाटन जबरदस्त आहे. पण त्या वाघाखाली इंग्रज बाई आणि मूल पडलेलं दाखवलंय. उठावातल्या कत्तलींच्या बातम्या लंडनला पोचल्यावर सूड मागण्यासाठी ते काढलं गेलं, आणि त्यातला वाघ म्हणजे आपण. डिझायनर मंडळी हे चित्र 'रॉयल बेंगॉल टायगर' समजून बेज रंगाच्या भिंतीवर लावतात, तेव्हा मला हसू येतं आणि रागही येतो. घरात लावूच नये असं मी म्हणणार नाही. अभ्यासाच्या खोलीत, बाजूला तारीख आणि चार ओळींची माहिती देऊन जरूर लावा. त्याच्या शेजारी एखाद्या भारतीय माणसाने इंग्रजांवर काढलेलं व्यंगचित्र लावलंत तर दोघांचं भांडण भिंतीवरच रंगेल. हॉलमध्ये मात्र ते एकटं शोभेची वस्तू म्हणून लावू नका.

त्याच टेनिएलचं 1876 चं दुसरं चित्र मी कुणालाही सुचवतो. अल्लाउद्दीनच्या गोष्टीत 'जुने दिवे द्या, नवे घ्या' असं ओरडत फेरीवाला येतो. त्या वेषात पंतप्रधान डिझरायली व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञीपदाचा नवा मुकुट देऊन जुना मागतोय. त्या वर्षी राणीने 'हिंदुस्थानची सम्राज्ञी' ही पदवी घेतली, आणि 1877 च्या पहिल्या जानेवारीला दिल्लीत दरबार भरवून ती जाहीर झाली. मुकुट नवा आणि माल खोटा, हा टोमणा खुद्द इंग्रजांनी आपल्याच राणीच्या दारात मारलेला आहे. गोष्ट सगळ्यांना ठाऊक असल्याने पाहुण्याला फार समजवावं लागत नाही, आणि दहा वर्षांच्या मुलालाही कळतं.

आपल्याकडचा माल जास्त मोलाचा आहे आणि तो फारसा कुणी मागत नाही, याची मला खंत वाटते. मुंबईत पारशी मंडळींनी 'पारसी पंच' काढलं, तेच पुढे 'हिंदी पंच' झालं. बरजोरजी नवरोजी त्याचे संपादक होते. त्यातला पंचोबा हा लंडनच्या 'पंच'चा आपला देशी भाऊबंद. काँग्रेसची अधिवेशनं, व्हाइसरॉय, प्लेग, दुष्काळ, सगळ्यावर त्यात चित्रं आली, मथळे गुजराती आणि इंग्रजीत. आपल्या ठाण्यातून निघणारं 'हिंदू पंच' हे मराठी साप्ताहिक वेगळं. विक्रेते दोघांची गल्लत करतात, तेव्हा घेताना नाव आणि गाव नीट वाचा. कलकत्त्याला गगनेंद्रनाथ ठाकूर यांनी 1917 ते 1921 या काळात लिथोग्राफचे (शिळाछापाच्या चित्रांचे) तीन संच काढले: 'विरूप वज्र', 'अद्भुत लोक' आणि 'नव हुल्लोड'. जातिभेदाचं दळणारं जातं, पदवीधर बाहेर टाकणारा विद्यापीठाचा कारखाना, साहेबी बाबू हे त्यातले विषय. काळ्या रंगाचे मोठे सपाट ठसे असल्याने ती भिंतीवर दुरूनही उठून दिसतात आणि जवळ गेल्यावर बोचतात. हॉलसाठी माझी पहिली पसंती हीच. गगनेंद्रनाथ 1938 साली वारले, त्यामुळे कॉपीराइटचीही अडचण नाही.

कॉपीराइट म्हणजे काय ते एकदाच सांगतो. भारतीय कायद्याने चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. टेनिएल, गिलरे, गगनेंद्रनाथ मोकळे. हिटलर आणि स्टालिन पोलंडच्या प्रेतावरून एकमेकांना लवून मुजरा करताहेत, ते सप्टेंबर 1939 चं डेव्हिड लोचं चित्र. लो 1963 साली गेले, म्हणून आपल्या कायद्याच्या हिशेबाने तेही आता मोकळं. 'शंकर्स वीकली'चे शंकर गेले 1989 मध्ये, अबू अब्राहम 2002, बाळासाहेब ठाकरे 2012, लक्ष्मण 2015. या सगळ्यांचे हक्क अजून पुष्कळ वर्षं शाबूत आहेत, कधी वारसांकडे तर कधी वर्तमानपत्राकडे. आजोबांच्या अंकातल्या पानाची एक प्रत काढून स्वतःच्या घरात लावणं वेगळं आणि छापून विकणं वेगळं. नेटवरून उतरवलेलं लक्ष्मण यांचं चित्र पेन ड्राइव्हमध्ये घेऊन कुणी आलं तर मी छापून देत नाही. अधिकृत छाप मिळतात, ते घ्या. आजच्या चित्रकारांपैकी कित्येकजण सही केलेली प्रत किंवा मूळ रेखाटन रास्त पैशांत देतात. विचारायला लोक उगाच लाजतात.

सासरेबुवांना 'राजकारण नको' म्हणजे बहुधा 'चालू राजकारण नको' असं म्हणायचं असावं. ठाण्यात ते बरोबरच आहे. आपल्याकडे एका सोसायटीत, एका मजल्यावर, कधी एकाच घरात चार पक्ष नांदतात. ज्यावर चित्र काढलंय तो वाद शमलेला असला की चित्र हसवतं. वाद धगधगत असला की जेवणाच्या टेबलावर भांडण होतं आणि आमटी गार होते. माझा ठोकताळा असा: चित्रातला नेता हयात असेल किंवा त्याच्या नावाने आज मतं मागितली जात असतील, तर ते चित्र हॉलमध्ये न लावता आतल्या खोलीत लावा. काही चित्रं मात्र जुनी झाली तरी शमत नाहीत. घटना समितीचं काम हळू चाललंय म्हणून शंकर यांनी 1949 साली गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू काढले. ते चित्र पाठ्यपुस्तकात होतं म्हणून 2012 साली संसदेत केवढा गदारोळ झाला हे आठवत असेल. 'त्या काळी तसं नव्हतं' हे स्पष्टीकरण तुमच्या जिभेवर तयार असेलही. पण ज्या पाहुण्याच्या घरी बाबासाहेबांची तसबीर आहे, त्याला ते तुमच्या चहाबरोबर का पचवायला लावायचं? ट्रंकेतल्या कात्रणांत ते निघालं तर जपून ठेवा, अभ्यासाला द्या, पण भिंतीवर नको. याउलट आणीबाणीतलं अबूंचं चित्र, डिसेंबर 1975 चं, राष्ट्रपती बाथटबमध्ये बसल्या बसल्या वटहुकमावर सही करून कागद बाहेर देताहेत, ते आज कुठल्याही पक्षाच्या माणसाला दाखवा. तो हसतो आणि लगेच दुसऱ्या पक्षाकडे बोट दाखवतो.

जाता जाता एक: फ्रेंच व्यंगचित्रकार दोमिएचं 'गार्गांतुआ', ज्यापायी तो सहा महिने तुरुंगात गेला, त्यात फ्रान्सचा राजा खुर्चीवर बसून पैशांच्या थैल्या गिळतोय. ती खुर्ची कसली आहे आणि तिच्याखालून काय बाहेर पडतंय ते नीट बघून घ्या, मग जेवणाच्या टेबलाजवळ लावायचं का ते ठरवा.

आता तुमची ट्रंक. इथे सगळ्यात सावकाश जा.

त्या काळातले 'मार्मिक' आणि 'शंकर्स वीकली' वर्तमानपत्री कागदावर छापलेले आहेत. हा कागद लाकूड दळून केलेला असतो आणि त्यात लिग्निन हा लाकडातला घटक तसाच राहतो. उजेड आणि हवा लागली की लिग्निन पिवळं पडतं, आम्ल तयार होतं आणि कागदाचे धागे तुटत जातात. म्हणून घडीवर बोट लावलं की तुकडा हातात येतो. असं मूळ पान काचेत घालून उजेडात टांगायचं म्हणजे त्याला रोज थोडं थोडं जाळायचं. माझा सल्ला सरळ आहे: भिंतीवर प्रत, कपाटात अस्सल. प्रत लावण्यात कमीपणा नाही. व्यंगचित्र जन्मालाच हजारो प्रतींमध्ये येतं.

'मार्मिक' 13 ऑगस्ट 1960 ला सुरू झालं. त्यातली 'रविवारची जत्रा' मधल्या दोन पानांवर पसरलेली असे. बाळासाहेबांच्या कुंचल्याची ताकद तिथे दिसते. पण तिच्या पोटातच टाचण्या असतात. त्या गंजून कागदात तपकिरी डाग उतरतात. टाचणी उपटू नका. अंक मधोमध उघडून आतली वळलेली टोकं बोथट पातळ पट्टीने सरळ करा आणि टाचणी मागच्या बाजूने अलगद काढा. कागद करकरीत झाला असेल तर हेही करू नका, जाणत्याकडे द्या. पान सरळ करायला इस्त्री फिरवू नका. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका. त्याचा गोंद काही वर्षांत पिवळा तेलकट होऊन कागदात मुरतो आणि मग कुणालाही निघत नाही. फेविकॉल नको. आणि हात जोडून सांगतो, लॅमिनेशन नको. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याने प्रेमाने लॅमिनेट करून दिलेला अंक माझ्याकडे येतो तेव्हा मी फक्त चहा पाजून परत पाठवू शकतो.

आधी स्कॅन करा. ए-थ्री फ्लॅटबेड स्कॅनर, 600 डीपीआय. पानाच्या मागे काळा कागद ठेवा, म्हणजे पाठीमागच्या पानावरचा मजकूर आरपार दिसत नाही. एवढी साधी युक्ती स्कॅन करून देणाऱ्या बऱ्याच दुकानांना माहीत नसते, तुम्हीच काळा कागद सोबत न्या. मग संगणकावर कागदाचा पिवळेपणा थोडा उतरवा, पांढरा फटक करू नका. मधली घडीही पुसू नका. दोन पानांचं चित्र होतं हे दिसू द्या. छपाई सुती मॅट कागदावर, पिगमेंट शाईने. चकचकीत फोटो पेपरवर काळी रेष बर्फीवरच्या वर्खासारखी चमकते आणि कॅनव्हासच्या विणीत बारीक रेघा मरतात, म्हणून दोन्ही नकोत. आणि नव्या प्रतीला चहाच्या पाण्यात बुडवून 'जुनी' करण्याचा प्रकार कृपा करून करू नका.

अस्सल अंक आम्लरहित कागदाच्या फोल्डरमध्ये आडवे ठेवा. माळ्यावर नको, बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटातही नको. पीव्हीसीचं प्लॅस्टिक नको, पॉलिएस्टरचं चालतं. डांबरगोळ्या कागदाला टेकवून ठेवू नका. कसरीसाठी महिन्या-दोन महिन्यांनी फोल्डर उघडून पानं चाळणं हा सगळ्यात चांगला उपाय, त्यानिमित्ताने वाचनही होतं. एखादं पान फारच मोलाचं असेल तर मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र आहे, तिथे विचारा. अंकाची तारीख किंवा चित्रातला प्रसंग लागत नसेल तर 1893 सालापासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आपल्या ठाण्यातच आहे; त्या आठवड्याच्या बातम्या शोधल्या की निम्मी चित्रं उलगडतात.

अस्सल जुने छाप विकत घ्यायचे असतील तर 'पंच'पासून सुरुवात करा. त्याचे बांधीव खंड इतके छापले गेले की सुटी पानं महाग नसतात. चोरबाजारात, कुलाब्याच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत आणि परदेशी विक्रेत्यांकडे मिळतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग खिशात ठेवा. 'पंच'ची जुनी चित्रं बॉक्सवुडच्या ठोकळ्यावर कोरलेली असत; टेनिएल रेखाटायचा आणि जोसेफ स्वेनचे कारागीर कोरायचे. मोठा ठोकळा छोटे तुकडे एकत्र कसून केलेला असे, म्हणून कधी कधी चित्रात सांध्याची बारीक पांढरी रेष सापडते. भिंगाखाली काळी रेघ सलग, ठाम दिसली पाहिजे. ठिपके दिसले तर ते नंतर फोटो काढून यंत्रावर केलेलं पुनर्मुद्रण. काळ्यात निळे-गुलाबी शिंतोडे दिसले तर कालपरवाची इंकजेट. गिलरेच्या बाबतीत आणखी एक: त्याच्या मरणानंतर, 1850 च्या आसपास, बोन नावाच्या प्रकाशकाने त्याच्याच तांब्याच्या पत्र्यांवरून पुन्हा छाप काढले, रंग न भरता आणि कागदाच्या दोन्ही बाजूंना. ते खोटे नाहीत, पण गिलरेच्या हयातीतलेही नाहीत. पाठीमागे दुसरं चित्र दिसलं की किंमत त्या हिशेबाने द्या. रंगीत हवं असेल तर 'व्हॅनिटी फेअर'ची (लंडनचं, 1868 ते 1914) क्रोमोलिथोग्राफ, म्हणजे रंगीत शिळाछाप चित्रं, पाहा. डिझरायली, ग्लॅडस्टन वगैरे मंडळी एकेका पानावर उभी. क्रिकेटवेड्या घरासाठी 1897 चे रणजितसिंहजीही त्यात आहेत, राजकारण जरा कमी असलं तरी. अखंड खंड फोडून पानं विकणाऱ्याकडून शक्यतो घेऊ नका. आधीच सुटलेली पानं बाजारात पुरेशी आहेत.

फुकटचा मार्गही आहे. अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम यांच्या संकेतस्थळांवर हक्कमुक्त चित्रं मोठ्या आकारात उतरवता येतात. ए-थ्री प्रतीसाठी फाइल साधारण 3500 बाय 5000 पिक्सेल असावी. व्हॉट्सअॅपवर आलेली फाइल छापायला आणू नका.

फ्रेमबद्दल फार सांगत नाही, फ्रेमवाल्याशी बोलताना एवढं धरून ठेवा. माउंट आणि मागचा बोर्ड आम्लरहित; हार्डबोर्ड किंवा एमडीएफ थेट कागदाला लागू द्यायचा नाही. कागद माउंटला चारही बाजूंनी चिकटवायचा नाही, वरून फक्त दोन बिजागऱ्या, जपानी कागद आणि गव्हाच्या खळीच्या. कागद पावसात फुगतो, हिवाळ्यात आकसतो, त्याला हलायला जागा हवी. काच आणि कागद एकमेकांना टेकता कामा नयेत, नाहीतर जुलैत दोघं चिकटतात. 'नॉन-ग्लेअर' म्हणून मिळणारी धुरकट काच माउंटमुळे चित्रापासून दूर गेली की बारीक रेषा पुसट करते, त्यापेक्षा साधी काच बरी. अस्सल छाप लावणारच असाल तर अतिनील किरण अडवणारं अॅक्रिलिक घ्या आणि तीन-चार महिन्यांनी चित्र बदलत राहा. पट्टी काळी किंवा सागाची, अर्धा-पाऊण इंच, साधी. सोनेरी नक्षीची पट्टी व्यंगचित्राला घातली की नेत्याचा सत्कार चालल्यासारखं वाटतं.

भिंतीकडे मात्र लक्ष द्या. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो नैर्ऋत्येकडून येतो. टॉवरमधल्या वरच्या मजल्यांवर पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाहेरच्या भिंती पावसाचा मारा सोसतात, त्या भिंतीवर कागद नको. बाथरूमला लागून असलेली भिंतही नको. नव्या इमारतीत पहिला पावसाळा बघून मगच जागा नक्की करा. पोपडे किंवा ओल कुठे येते ते ऑगस्टपर्यंत कळतंच. फ्रेमच्या मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाचे किंवा फेल्टचे तुकडे लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांत बोटभर हवा खेळती राहते. हा दहा रुपयांचा उपाय महागड्या काचेपेक्षा जास्त कागद वाचवतो. तुमच्या इमारतीच्या भिंती मिवान पद्धतीच्या, म्हणजे सबंध काँक्रीटच्या असतील तर खिळा वाकेल. हॅमर ड्रिल आणि सहा एमएमचा बिट लागेल. आतली पार्टिशनची भिंत हलक्या ब्लॉकची असेल तर त्यासाठीचा वेगळा प्लग मागा. प्रत्येक फ्रेमला दोन हुक लावा, एकावर टांगलेली फ्रेम पंख्याच्या वाऱ्याने आणि झाडूच्या धक्क्याने तिरकी होते. उंची अशी ठेवा की खालचा मथळा घरातल्या सगळ्यात बुटक्या वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर यावा.

शेजारी एक छोटं कार्ड हवंच. चित्रकार, नियतकालिक, तारीख, आणि मराठीत तीन-चार ओळी: कोण कोणाला काय म्हणतंय. इंग्रजी किंवा गुजराती मथळ्याचं मराठी तिथेच द्या. विनोद समजावू नका, फक्त प्रसंग सांगा. हीच माहिती फ्रेमच्या मागे पेन्सिलने लिहा, बॉलपेनने नको. सासरेबुवांना साठ-सत्तरच्या दशकातले प्रसंग तुमच्यापेक्षा जास्त आठवत असणार. 'मार्मिक'ची कार्डं त्यांच्याकडूनच लिहून घ्या. राजकारण घरात नको म्हणणारी माणसं अशा वेळी तासभर बोलतात, असा माझा अनुभव आहे.

राहिली बहीण. 'मार्मिक' आणि 'शंकर्स वीकली' यांचं वय अजून शंभर झालेलं नाही, त्यामुळे ते पाठवायला पुरावस्तू कायद्याची आडकाठी नाही. पण उद्या तुम्ही 1905 चा 'हिंदी पंच' घेतलात आणि तो तिला द्यावासा वाटला तर थांबा. 1972 च्या कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या, गतकाळातलं राजकारण दाखवणाऱ्या वस्तूही पुरावस्तूंत मोडतात, आणि त्या खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. तिला 600 डीपीआयची फाइल पाठवा आणि कार्डावरचा मजकूरही सोबत द्या. फ्रेम तिने तिथेच करून घ्यावी. इथून काचेसकट पाठवलेली फ्रेम तिकडे पोचेपर्यंत फुटते.